नियम सांगणारा माणूस घरी गेल्यावर

(ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘अं’ शक्य तेवढे काढलेत. सगळे निघाले नाहीत, सांभाळून घ्या.)



आजचा भाग एका फसलेल्या रविवारपासून सुरू करतो. कर्वेनगरला मित्राचा फ्लॅट. आम्ही पाच जण, टेबलावर वीस बाजूंचे फासे, पेन्सिली, भडंगाचा डबा आणि मोबाइलवर तीनशे पानांची एक पीडीएफ. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळायचा होता. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगतो. एक जण गोष्ट चालवतो, त्याला गेम मास्टर म्हणतात, आणि बाकीचे प्रत्येकी एक पात्र होतात. पात्राने जे करायचं ठरवलं ते जमेल की नाही अशी शंका आली, की फासे टाकायचे आणि नियम बघायचा.

माझं पात्र छपरावर लपलं होतं. मी म्हटलं, ‘खाली उडी मारतो आणि पहारेकऱ्याला धरून आडवा पाडतो.’ सगळे ओरडले, भारी! गेम मास्टर म्हणाला, ‘एक मिनिट, याला नियम आहे.’

ते एक मिनिट चांगलं अर्धा तास चाललं. उडीचा नियम एका प्रकरणात. धरण्याचा नियम लढाईच्या प्रकरणात, पण तिथे लिहिलं होतं की आकाराने मोठा शत्रू असेल तर मागे बघा. उंचीवरून पडल्यावर किती लागतं ते थेट परिशिष्टात. पीडीएफमध्ये ‘पडणे’ शोधावं तर शेकडो ठिकाणी ‘पडणे’. तोवर भडंग संपलं, दोघे रील्स बघायला लागले आणि माझा शूरवीर छपरावरच बसून राहिला. त्या दोघांपैकी एक पुढच्या रविवारी आलाच नाही.

कुठला गेम ते सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका पुस्तकाचा नाही. मुद्दा असा की नियम होते, बरोबर होते, पूर्ण होते. फक्त हवे तेव्हा सापडले नाहीत. मग मी विचार करायला लागलो, की खेळाचे नियम कागदावर कसे मांडायचे हा प्रश्न याआधी कुणाला पडला होता का? आणि गंमत म्हणजे उत्तर शोधताना मी पुण्यातच पोचलो.

पूना नावाचा खेळ

आज ज्याला आपण बॅडमिंटन म्हणतो, त्याला एके काळी इंग्रज लोक ‘पूना’ म्हणायचे. खरंच. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीत ब्रिटिश अधिकारी हा खेळ खेळत. फूल आणि रॅकेट ही जोडी जुनीच होती, मध्ये जाळी आली आणि त्याचा सामना झाला. १८७० च्या दशकात पुण्यात त्याचे नियम लिहिले गेले.

अधिकारी निवृत्त झाले, बोटीने मायदेशी गेले आणि खेळ सोबत घेऊन गेले. १८८७ पर्यंत इंग्लंडमध्ये हा खेळ हिंदुस्थानातून गेलेल्या नियमांनीच खेळला जात होता. त्या वर्षी बाथ शहरातल्या क्लबने ते नियम सुधारले आणि १८९३ मध्ये तिथल्या बॅडमिंटन असोसिएशनने सुधारलेली नियमावली छापली.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. नियम लिहिलेले असले की खेळ माणसाशिवाय प्रवास करू शकतो. छावणीत पहिल्यांदा खेळणारे लोक बाथमध्ये हजर असण्याची गरज नव्हती. आणि दुसरं, लिहिलेला नियम दुरुस्त करता येतो. तोंडी नियमावर फक्त भांडता येतं. ‘आमच्याकडे असंच खेळतात’ याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

बाद झालेला गडी परत येतो का?

या वाक्याशी आपली ओळख गल्लीपासूनची आहे. हुतूतू घ्या. महाराष्ट्रात हुतूतू, तमिळनाडूत सडुगुडू, बंगालकडे हाडुडू. खेळ तोच, पण गाव बदललं की पहिलं भांडण ठरलेलं: बाद झालेला गडी परत आत येतो का?

याची तीन उत्तरं प्रचलित होती. पहिल्या प्रकारात समोरचा गडी बाद झाला की आपला एक जिवंत होतो. दुसऱ्यात बाद म्हणजे बाद, सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसायचं. तिसऱ्यात गडी बाहेर जातच नाही, फक्त समोरच्यांना गुण मिळतो. या तीन प्रकारांना नावं आहेत: संजीवनी, गामिनी आणि अमर.

मला ही नावं फार आवडतात. कारण नाव दिलं की अर्धा तासाचं भांडण एका शब्दात मिटतं. ‘आज संजीवनी खेळायचं’ म्हटलं की झालं. नियमांच्या पुस्तकाचं हे एक मोठं काम आहे: ज्या गोष्टीवर वाद होतो तिला लक्षात राहील असं नाव देणं. ‘प्रकरण सात, कलम चार, उपकलम दोन’ असं कुणी मैदानावर ओरडत नाही. पुढे जी कबड्डी देशभर एकसारखी झाली आणि १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ म्हणून गेली, तिचा पाया संजीवनी प्रकाराचा आहे.

१९१४, डेक्कन जिमखाना

आता खो-खो. डेक्कनच्या बसस्टॉपवर तुम्ही शंभरदा उतरला असाल. त्या भागाला ज्या संस्थेचं नाव पडलं, तो डेक्कन जिमखाना १९०६ चा. खो-खोला नियमांच्या चौकटीत बसवण्याचं काम याच जिमखान्याने १९१४ मध्ये हाती घेतलं. नियमांची छापील पुस्तिका १९२४ मध्ये बडोद्याच्या जिमखान्यातून निघाली. १९३५ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियम पुन्हा छापले.

मधली वर्षं बघा. १९१४ ते १९२४. खेळ पिढ्यान्‌पिढ्या चाललेला, लहान पोरांनाही येणारा, तरी नियम छापून हातात यायला दहा वर्षं लागली. मला यात आश्चर्य वाटत नाही. तुम्ही आत्ता, मनातल्या मनात, ज्याने खो-खो कधीच पाहिला नाही अशा माणसाला तो समजावून बघा.

‘आठ जण एका रांगेत बसतात.’ कसे बसतात? एकाआड एक उलट्या तोंडाने. ‘नववा पळतो.’ कुठेही? नाही, एकदा दिशा धरली की मागे फिरायचं नाही. बसलेल्यांच्या मधून पलीकडे जायचं नाही. खांबाला वळसा घातला की मगच दिशा बदलते. ‘मग पकडायचं कसं?’ खो द्यायचा. ‘खो म्हणजे?’ बसलेल्याच्या पाठीमागून हात लावून ‘खो’ म्हणायचं, मग तो उठतो आणि आपण त्याच्या जागी बसतो.

बघितलंत? प्रत्येक नियम समजायला दुसरा नियम आधी लागतो. दिशेचा नियम कळल्याशिवाय खो कशाला हवा ते कळत नाही, आणि खो कळल्याशिवाय माणसं उलटसुलट का बसवली ते कळत नाही. आपल्याला हे अवघड वाटत नाही, कारण आपण ते वाचून शिकलोच नाही. शाळेच्या मैदानावर पीटीच्या सरांनी कॉलर धरून बसवलं, ‘तोंड तिकडे कर रे!’ म्हणाले, आणि दहा मिनिटांत खेळ आला.

म्हणूनच मैदानी खेळांच्या अनेक नियमावल्या मैदानाच्या मापांनी सुरू झाल्या तरी चालतं. इतकी लांबी, इतकी रुंदी, खांबाची उंची इतकी. ते पुस्तक शिकणाऱ्यासाठी नसतंच. ते चुना टाकणाऱ्यासाठी आणि पंचासाठी असतं. शिकवायला सर आहेत, भांडण सोडवायला पुस्तक आहे. कामाची वाटणी झालेली आहे.

आणि ही वाटणी नीट झाली की काय होतं तेही बघा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला, दोन्ही अंतिम सामने नेपाळशी. कर्णधार होते प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राकडून खेळणारे. पण मला त्या स्पर्धेत सगळ्यात भारी वाटले ते दूरदूरच्या देशांतून आलेले खेळाडू. मराठी शाळेच्या मैदानाची धूळ ज्यांच्या नाकात कधी गेली नाही, ते खाली बसून पाठीवरच्या थापेची आणि ‘खो’ या आपल्या शब्दाची वाट बघत होते. लिहिलेल्या नियमांची ताकद ही.

ज्यांना सर मिळाले नाहीत

आता परत फाशांकडे येऊ. १९७४ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ बाहेर आला. लेखक दोन, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. एका खोक्यात तीन बारीक पुस्तिका, पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची. रोलप्लेइंग गेम्सचा सगळा वंशवृक्ष तिथून सुरू होतो.

आणि ते पुस्तक वाचून गेम शिकणं जवळजवळ अशक्य होतं! लढाईसाठी ‘चेनमेल’ नावाचा गायगॅक्सचाच आधीचा युद्धखेळ वापरा असं लिहिलेलं. जंगलातल्या प्रवासासाठी तर दुसऱ्याच कंपनीच्या एका बोर्ड गेमचा पट घ्या असा सल्ला. का? कारण लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचेच मित्र होते. शिशाचे सैनिक टेबलावर मांडून युद्धखेळ खेळणारे, सगळं आधीच माहीत असलेले. म्हणजे ते पुस्तक पंचाचं होतं. पण गावोगावच्या पोरांच्या हातात ते पडलं तेव्हा तिथे पीटीचे सर नव्हते.

मग काय झालं? प्रत्येक गावाने आपापला अर्थ लावला. थोडक्यात, हुतूतूचीच गोष्ट.

यावर पहिला उपाय कंपनीतल्या कुणी काढला नाही. एरिक होम्स नावाचे मेंदूविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांनी कंपनीला स्वतःहून सांगितलं की नवशिक्यांसाठी पुस्तक मी लिहून देतो. १९७७ मध्ये ते ‘बेसिक सेट’ म्हणून आलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. खेळ बनवणाऱ्याला तो इतका पाठ असतो, की कुठे अडतं हे त्याला दिसत नाही. ते दिसायला बाहेरचा माणूस लागतो.

पण त्याच सुमारास त्याच कंपनीने उलटी गोष्टही केली. थोरल्या आवृत्तीचं खेळाडूंचं पुस्तक १९७८ मध्ये आलं आणि गेम मास्टरचं १९७९ मध्ये. हल्ला लागला की नाही हे ज्या तक्त्यात बघायचं, तो तक्ता खेळाडूंच्या पुस्तकात नव्हताच. तो दुसऱ्या पुस्तकात होता. गायगॅक्सचं ते दुसरं पुस्तक वाचायला आजही मजा येते. एखादे गप्पिष्ट काका भेटल्यासारखं वाटतं. पण खेळ थांबवून काकांना एक प्रश्न विचारावा आणि त्यांनी तीन गोष्टी सांगाव्यात, तसंच ते पुस्तक वागतं.

१९८३ ला फ्रँक मेंट्झर यांनी संपादलेली लाल पेटी आली. तिने जे केलं ते मला आजही थोर वाटतं. उघडल्या उघडल्या व्याख्या नाहीत, तक्ते नाहीत. एक गोष्ट सुरू होते आणि त्यातले नायक तुम्ही. साप समोर आला? आता फासा टाक. लागलं? आता एवढे गुण वजा कर. नियम आधी पाठ करायचा नाही, गरज पडली की तो समोर येतो. म्हणजे पीटीच्या सरांना पुस्तकात आणून बसवलं.

नियम पटावरच

पण गरज पडेल तिथेच नियम, ही कल्पना अमेरिकन नाही हो. आपल्याकडे मोक्षपट होता. ज्ञान चौपड म्हणूनही तो ओळखला जातो, आणि आजची सापशिडी त्याचीच लेक. पुण्यात वा. ल. मंजूळ यांनी जुन्या मोक्षपटांचा माग काढला. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचं ग्रंथालय सांभाळलेला हा माणूस.

या पटांवर घरांची संख्या वेगवेगळी असते. वैष्णव पटांत ७२ घरं आढळतात, जैन पटांत ८४. पण महत्त्वाचं हे की घरं नुसत्या आकड्यांची नसतात. प्रत्येक घराला नाव: क्रोध, लोभ, दया, भक्ती. वाईटाला सापाचं तोंड, चांगल्याला शिडी. ज्या घरात सोंगटी पडली, तिथेच काय झालं आणि का झालं ते लिहिलेलं. वेगळं पुस्तक उघडायचं कामच नाही. कवड्या टाकायच्या, मोजायचं आणि वाचायचं.

तुमच्या कॅरेक्टर शीटकडे बघा. हल्ल्याचा आकडा, त्याच्या शेजारी कुठला फासा, त्याच्या शेजारी किती इजा. चांगली कॅरेक्टर शीट म्हणजे मोक्षपटाचीच पुतणी.

सुंदर पानं, मुका खेळ

आता पुण्याहून खाली कोकणात उतरू. सावंतवाडीला राजवाड्यात गंजिफा बघितलाय? गोल पत्ते, हाताने रंगवलेले, वर लाखेची चमक. दशावतारी गंजिफ्यात १२० पानं. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं: राजा, प्रधान आणि एक ते दहा.

इथे एक झकास नियम आहे. पाच रंगांत दहा हे पान एक्क्याहून मोठं. उरलेल्या पाचांत उलटं, एक्का मोठा आणि दहा सगळ्यात लहान. आणखी एक: दिवसा खेळत असाल तर डावाची सुरुवात रामाच्या रंगाने, रात्री असाल तर कृष्णाच्या. सूर्य कुठे आहे यावर पहिली उतारी ठरते!

यातलं काहीही पानावर लिहिलेलं नाही. मोक्षपटाच्या बरोबर उलट. संस्कृतात या खेळावर लिहिलं गेलं होतं, पण पोथी वाचून गंजिफा कोण शिकणार? आजोबांच्या शेजारी बसून शिकायचं. मग छापील, स्वस्त, बावन पानांचे पत्ते घरोघरी आले. गंजिफा खेळणारी माणसं एकेक करून गेली आणि नियम त्यांच्यासोबत गेले. १९७० च्या दशकात सावंतवाडीच्या शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी ही कला पुन्हा उभी केली म्हणून पानं तरी वाचली. मुंबईतले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांच्यासारख्या लोकांनी या पत्त्यांचा अभ्यास करून लिहिलं म्हणून बरंच कळतं तरी. नाहीतर आज बहुतेक जण गंजिफा विकत घेतात तो फ्रेम करून भिंतीवर लावायला. पानं शाबूत आहेत, पण खेळायला बसणारे फार थोडे.

माझ्या त्या रविवारी जे छोट्या प्रमाणात झालं, तेच हे. तिथे नियम सापडले नाहीत म्हणून एक मित्र गेला. इथे नियम सांगणारे गेले म्हणून खेळ गेला.

मग पुस्तक कसं असावं?

माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांडा.

नियमांचं पुस्तक तीन वेगवेगळ्या वेळी उघडलं जातं. शिकताना, खेळताना अडल्यावर आणि भांडण झाल्यावर. शिकणाऱ्याला गोष्ट हवी, क्रमाने. अडलेल्याला एक ओळ हवी, दहा सेकंदांत. भांडणाऱ्याला नेमका शब्द हवा, ज्यातून पळवाट नाही. एकाच परिच्छेदात तिन्ही कामं कोंबली की तिन्ही फसतात. आमच्या पीडीएफमध्ये हेच झालं होतं.

म्हणून सुरुवातीला लाल पेटीसारखी एक छोटी खेळी असावी, संवादांसकट. मधला भाग खेळात जे एकत्र लागतं ते एकत्र ठेवून मांडावा. उडी, पडणं आणि धरणं समोरासमोरच्या दोन पानांवर मावलं तर माझा शूरवीर छपरावर अडकत नाही. ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’ या गेमचं कौतुक याचसाठी होतं. १९८१ च्या आवृत्तीचे नियम घेतले आणि फक्त मांडणी अशी केली, की एक विषय समोरासमोरच्या पानांवर संपतो. नियम तेच, पण खेळ सुटसुटीत वाटतो.

पंचाची कलमं शेवटी, वेगळी. सूची करताना लोक टेबलावर जो शब्द बोलतात तो घ्यावा. आम्ही ‘धरतो’ म्हणतो, पुस्तकात भलताच शब्द होता. आणि तुम्ही मोबाइलवर वाचता, त्यामुळे दोन रकान्यांची पीडीएफ बोटांनी मोठी करत बसायला लावू नये, ही कळकळीची विनंती.

यात एक अडचण आहे, ती लपवत नाही. एकच नियम तीन ठिकाणी लिहिला की पुढे दुरुस्ती करताना एक जागा राहून जाते आणि मग दोन पानं एकमेकांशी भांडतात. म्हणून नेमका शब्द एकाच ठिकाणी ठेवायचा. बाकीच्या जागी त्याचा सारांश द्यायचा आणि पान क्रमांक लिहायचा. थोडं किचकट काम आहे, पण ते लिहिणाऱ्याने एकदा करायचं. नाहीतर प्रत्येक रविवारी प्रत्येक टेबलाला करावं लागतं.

जाता जाता

या आठवड्यात एक काम करा. घरात आजी, आजोबा, आत्या, मावशी, कुणी असेल त्यांना विचारा: लहानपणी कुठला बैठा खेळ खेळायचात? सागरगोटे, काचापाणी, सोंगट्या, कवड्यांचं काहीतरी. मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग ते एका पानावर लिहून काढा आणि ज्याला तो खेळ अजिबात माहीत नाही अशा मित्राच्या हातात द्या.

आणि मग महत्त्वाचं. तिथे बसू नका. स्वयंपाकघरात जा, चहा टाका. मित्राने हाक मारली तरी एक अक्षर सांगू नका. चहा घेऊन बाहेर याल तेव्हा ते लोक खेळत असतील, तर तुम्ही चांगलं नियमांचं पुस्तक लिहिलंय. पानाकडे बघत बसले असतील तर कुठल्या ओळीवर अडले ते विचारा, ती ओळ बदला आणि पुन्हा चहा टाका.

आमच्या आजीचा कवड्यांचा खेळ माझ्याकडून आत्तापर्यंत चार कप चहा प्यायलाय. अजून एक नियम जमत नाहीये. जमला की पान इथे टाकतो.

भेटू पुढच्या भागात. तोवर, खो!